सहाव्या भागातली किल्ली

पडद्यावर तो माणूस चालतो, पण पावलं माझी असतात.
त्रेचाळीस नंबरचे पुरुषी बूट, आत दोन जोड लोकरी मोजे,
समोर खडीचा ट्रे,
आणि बटाट्याच्या पिठाची चामडी पिशवी:
ती दाबली की बर्फ करकरतो.
तार्तूत खरा बर्फ दारापर्यंत साचलाय,
पण माइकपुढे तो खोटा वाटतो.

बाईची पावलंही मीच. आधी तिची, मग त्याची,
एकाच दुपारी, मध्ये एक कॉफी.
ती थांबते, आणि अर्ध्या पावलानं उशिरा
तोही थांबतो.
ते अर्धं पाऊल मला फार छान जमतं,
असं रैगो म्हणतो. दिग्दर्शक आहे, वय एकतीस,
त्याला अजून कुणी सोडून गेलेलं नाही.

सहावा भाग.
ती औषधांच्या दुकानात कामाला गेलेली,
तो तिच्या घरात शिरतो. काही चोरत नाही,
बशीसुद्धा हलवत नाही.
तिच्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून श्वास घेतो,
मग खुर्चीत बसतो, जसा नवरा बसतो.
प्रेक्षकानं इथे घाबरायचं आहे.
संहितेत लिहिलंय : किल्लीचा आवाज. लांबवा.

माझ्या फडताळात एकशे बारा किल्ल्या आहेत.
तुरुंगाची आहे, सुटकेसची आहे,
चर्चच्या तळघराची तर वीतभर लांब.
मी एकीलाही हात लावला नाही.
जुनी टेप काढली, जिच्यावर तारीख नाही,
नुसतं ‘दार’ लिहिलंय.

हिल्लारची किल्ली.
आधी कुलपाभोवती ओरखडा,
कारण जिन्यातला दिवा कधी दुरुस्तच झाला नाही,
मग आत, मग अडकून जराशी मागे,
मग खांद्यानं दार ढकलणं,
आणि शेवटी, कान देऊन ऐकलं तरच, एक ‘हूं’.
नऊ वर्षं झाली त्याला जाऊन.
टेप मी महिनाभर आधीच केली होती.
कामासाठी, असं तेव्हा म्हणाले होते.

रैगोनं तीनदा ऐकलं.
‘यात भीती नाही, उर्वे. हा तर घरी आल्यासारखा येतोय.’
म्हटलं, त्याला तसंच वाटतंय ना.
तो गप्प झाला. मग म्हणाला, ठेव.
ते ‘हूं’ तेवढं काढून टाक.
मी हो म्हटलं.
काढलं नाही. कमी केलं.

भाग मंगळवारी रात्री दाखवला.
मी पाहिला नाही. फोन मांडीवर घेऊन
नदीकडच्या खिडकीत बसले, दिवा न लावता,
आणि दहा वाजून चाळीस मिनिटांनी
(मला नेमकं ठाऊक होतं)
तळहातांना घाम फुटला.

पिरेतचा फोन दुसऱ्या दिवशी.
ती सुट्टीला त्याच्याकडेच होती, पार्नूला.
‘आई, छान झालाय गं. बाबांच्या बायकोनं तर
उशीच धरली तोंडावर. आणि गंमत ऐक,
आपला पोंटू, अर्धा बहिरा झालाय आता,
मध्येच उठला, लंगडत गेला
आणि दारापुढे शेपूट आपटत बसला.
कुणी आलं नव्हतं.
नावं संपेपर्यंत हलेना.’

आणि बाबा?

‘बाबा? फ्रिजमध्ये काहीतरी शोधत होते, वाटतं.’

सातव्या भागात कुत्रा नाही.
तरी मी ते हातमोजे चढवले,
बोटांच्या टोकांना पेपरक्लिपा अडकवलेले,
गुडघ्यांवर बसले
आणि बर्चच्या फळ्यांवरून निघाले दाराकडे,
टक टक, टक टक,
मागचा उजवा जरा ओढत.
चौदा वर्षांचा म्हणजे तेवढं होणारच.

माइक चालू होता.
दारापुढे थांबले.